स्मिता पाटील: फिल्म क्लबसाठी पाच भूमिका कोणत्या, आणि कोणत्या क्रमाने?

पडद्यामागचा (धागाकर्ता)

कॉलेजच्या फिल्म क्लबसाठी स्मिता पाटीलवर पाच शनिवारांचा कार्यक्रम आखतोय. दुपारी एक चित्रपट, मग पाऊण तास चर्चा. बघणारी मुलं अठरा-एकोणीसची. बहुतेकांनी 'नमक हलाल'मधलं पावसातलं गाणं पाहिलंय, 'जैत रे जैत'ची गाणी कानावरून गेलीत, बाकी पाटी कोरी.

कच्ची यादी अशी: 'मंथन' (1976), 'भूमिका' (1977), 'चक्र' (1981), 'उंबरठा' (1982), 'मिर्च मसाला' (1987).

अडचणी तीन. एक, पाचही आठवडे सोसणारी बाई दिसली तर तिसऱ्या शनिवारी मुलं म्हणतील, हे तर मागच्यासारखंच. दोन, क्रम सालवार लावावा की नाही? तीन, चर्चा सुरू झाली की 'किती सहज अभिनय' इथेच गाडी अडते. त्यापुढे न्यायला नेमके प्रसंग हवेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

तिसरी घंटा

सालवार क्रम अजिबात नको. 'मंथन'पासून सुरू केलंत तर पहिला दीड तास मुलं सहकारी दूध संस्थेची माहिती गोळा करत बसतील आणि बिंदू (स्मिताची त्यातली भूमिका) त्यांच्या हातून निसटेल. सुरुवात 'मिर्च मसाला'ने करा. गोष्ट सरळ आहे: स्वातंत्र्यापूर्वीचं गुजरातमधलं गाव, सुभेदाराला सोनबाई (स्मिता) हवी आहे, ती मिरचीच्या कारखान्यात शिरते, म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. संदर्भ समजावण्यात वेळ जात नाही, डोळे अभिनयासाठी मोकळे राहतात.

त्यातला सुरुवातीचा पाणवठ्याचा प्रसंग चर्चेला घ्या. सुभेदाराची माणसं घोडे घेऊन पाण्यात घुसतात, बायका पळतात, सोनबाई थांबते. जनावरांची पाणी प्यायची जागा वेगळी आणि माणसांची वेगळी, हे ती त्याला सुनावते. मग तो ओंजळ पुढे करतो आणि ती घागरीतून पाणी ओतते. आता मुलांना एवढंच विचारा: कोण उभं आहे आणि कोण वाकलंय? सगळी सत्ता त्याच्याकडे, पण चौकटीत तो खाली आणि ती वर. स्मिता इथे धिटाई 'दाखवत' नाही. पाणी ओतणाऱ्या बाईचं लक्ष धारेकडे असतं, तसं तिचंही आहे. मधेच एकदा नजर वर जाते, तेवढ्यात सगळं येतं. शेवटच्या चौकटीत हातात विळा घेऊन उभी असलेली सोनबाई याच प्रसंगाशी जोडून दाखवा. हात तेच, वस्तू बदलली.

'भूमिका' मात्र तिसऱ्या शनिवारच्या आधी लावू नका. तो या यादीतला सगळ्यात श्रीमंत चित्रपट आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळात टाकणाराही. कथा मागेपुढे जाते, कुठे रंगीत तर कुठे कृष्णधवल, आणि त्यात चित्रपटातले चित्रपट. नवख्या प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात कळत नाही की आपण उषाच्या आयुष्यात आहोत की उर्वशीच्या शूटिंगवर. उपाय सोपा आहे. अर्ध्या पानाचा कागद वाटा, त्यावर पाच नावं: उषा (पडद्यावरचं नाव उर्वशी), केशव दळवी (अमोल पालेकर), राजन (अनंत नाग), सुनील वर्मा (नसीरुद्दीन शाह), विनायक काळे (अमरीश पुरी). बाकी काही लिहू नका, गोष्ट फोडू नका.

यात बघायचं काय? एकाच नटीने तीन थरांवर केलेलं काम. पहिला थर म्हणजे उर्वशी जेव्हा त्या काळच्या सिनेमात नाचते, गाते, संवाद म्हणते. ते मुद्दाम ढोबळ आहे, कारण त्या काळचा पडदा तसाच होता. दुसरा थर घरातली उषा. तिसरा सगळ्यात बारीक: घरातही, विशेषतः काळेच्या वाड्यावर गेल्यावर, उषा 'चांगली सून' वठवत असते. तिथे ती अभिनय करणाऱ्या बाईचा अभिनय करते, आणि तो किंचित कमी पडू देते. काळेच्या मुलाला जत्रेला न्यायचं म्हणते तेव्हा घराबाहेर पडायची परवानगीच नाही हे तिला कळतं, आणि ते वठवणं गळून पडतं. तो क्षण मुलांना स्वतः शोधू द्या. बरीच मुलं त्याच्या दहा मिनिटं आधीचा प्रसंग सांगतात. चालेल, त्यावरच वाद घाला.

वयाचंही बघा. चित्रपट आला तेव्हा स्मिता बावीस वर्षांची होती, आणि शेवटाकडे ती लग्न झालेल्या मुलीची आई आहे. हे वय मेकअपपेक्षा चालण्यात आणि उत्तर द्यायला लावलेल्या वेळात जास्त आहे. शेवटी हॉटेलच्या खोलीत राजनचा फोन येतो तो प्रसंग बिनआवाजाचा लावून पाहा.

---

लुगडं आणि लिंगोबा

तिसरी घंटा यांच्याशी 'मिर्च मसाला'बद्दल सहमत. पण पाचात एकच मराठी चित्रपट? 'जैत रे जैत' (1977) हवाच. तो 'भूमिका'च्याच वर्षीचा आहे, हे मुलांना चित्रपट संपल्यावर सांगा, आधी नको. एका वर्षात शहरातली नटी आणि ठाकरवाडीतली चिंधी. सोसणाऱ्या बाईबद्दल तुम्हाला भीती वाटतेय ना, तिच्यावर चिंधी हा उतारा आहे. ती नवरा सोडते, नाग्याला स्वतः निवडते, आणि डोंगरावरच्या मधमाश्यांच्या राणीमाशीला मारायच्या त्याच्या वेडात स्वतःच्या मर्जीने उतरते.

बघायची गोष्ट म्हणजे लुगडं. गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं चालणं बदलतं: पाऊल पूर्ण टेकतं, गुडघा मोकळा राहतो, उतारावर शरीर मागे झुकत नाही. पाचवारी नेसणारी शहरी मुलगी लुगडं नेसली की सहसा पदराशी खेळत राहते, हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नाही. चिंधीचे हात कधीच रिकामे वाटत नाहीत. मग पुढच्या शनिवारी 'उंबरठा' लावा आणि सुलभा महाजनचं चालणं बघा. सुती साडी, खांदे सरळ, पाऊल छोटं. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत दोन्हीकडे हृदयनाथ मंगेशकरांचं. म्हणजे फरक दिसतो तो बराचसा नटीचा आणि लेखनाचा.

'जैत रे जैत' दाखवताना एक हमखास चूक होते. लोक त्याला गाण्यांचा चित्रपट म्हणून ओळख करून देतात आणि मुलं गाणं आलं की मोबाईल काढतात. उलट सांगा की गाणी हाच इथला संवाद आहे. महानोरांच्या ओळी चालू असताना चिंधी काय करतेय ते बघा, ती क्वचितच 'गाणं सादर' करते. बहुतेक वेळा ती कामात असते, डोंगरात असते, किंवा नाग्याकडे बघत असते. आवाज आशा-लतांचा, तरी गाणं चिंधीचंच वाटतं. कारण ओठांपेक्षा श्वास जुळवलाय.

'उंबरठा'बद्दल एक सावधगिरी. हिंदीत तो 'सुबह' नावाने आहे आणि ऑनलाइन फिरणाऱ्या प्रतींवर नावांची सरमिसळ असते. आधी पाच मिनिटं लावून ऐका. शक्य असेल तर मराठीच घ्या. तेंडुलकरांचे संवाद मराठीत जसे तुटक आणि बोचरे आहेत तसे हिंदीत राहत नाहीत, आणि 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' मराठीतच आहे.

प्रसंग निवडायचा तर परत येण्याचा. महिलाश्रमाच्या अधीक्षिकेची नोकरी सोडून सुलभा घरी येते. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे, आणि नवरा झालेले गिरीश कार्नाड ते जवळजवळ हिशेब दिल्यासारखं सांगतात. इथे दुसऱ्या कुणी रडण्याचा मोठा प्रसंग उभा केला असता. स्मिता ऐकून घेते. ऐकताना चेहऱ्यावर जे येतं ते दुःखापेक्षा हिशेब जुळल्यासारखं आहे. मला वाटतं, तिच्या सगळ्या कामातली ही सर्वात कठीण दोन-तीन मिनिटं आहेत.

---

मधली रांग

वरच्या दोन्ही प्रतिसादांत मोठ्या भूमिकाच आल्या. नटाची खरी परीक्षा छोट्या भूमिकेत होते, कारण तिथे चूक सुधारायला पुढचा प्रसंग नसतो. पाच पूर्ण चित्रपट ठेवा, पण प्रत्येकाआधी सहा-सात मिनिटांचा एक तुकडा दाखवा. माझी निवड:

'आक्रोश' (1980) मधली नागी. तिचा खून आधीच झालेला आहे, ती फक्त आठवणींत दिसते. वाट्याला मोजकीच मिनिटं. तरी तिच्या नवऱ्याचं, लहान्या भिकूचं (ओम पुरी), गप्प बसणं कशामुळे आहे हे आपल्याला नागीमुळे कळतं. ओम पुरींच्या भूमिकेचा पाया तिच्या भूमिकेत आहे.

'सद्गती' (1981). सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराच्या आतला. झुरिया पावसात ब्राह्मणाच्या बंद दारासमोर येऊन रडते तो तुकडा. तिचा सगळ्यात उघडा, मोकळा आक्रोश इथे आहे. 'उंबरठा'च्या त्या परतीच्या प्रसंगाआधी हाच लावा. एकच नटी कुठे सोडते आणि कुठे धरून ठेवते, ते समजावून सांगायची गरजच पडणार नाही.

'अर्धसत्य' (1983). ज्योत्स्ना गोखले, प्राध्यापिका. रेस्टॉरंटमध्ये पोलीस अधिकारी वेलणकर (ओम पुरी) दिलीप चित्रेंची कविता वाचतो. सुरुवातीला सहज वाचायला घेतो आणि ओळीगणिक अडकत जातो. सगळे ओम पुरींकडे बघतात, साहजिकच आहे. दुसऱ्यांदा लावा आणि मुलांना सांगा, फक्त तिच्याकडे बघायचं. ऐकणं हेही काम आहे. ज्योत्स्नाला ती कविता आधीपासून माहीत आहे, वेलणकरला नाही. त्यामुळे ती कवितेकडे नाही, त्याच्यावर होणाऱ्या परिणामाकडे लक्ष देते.

तुकडा दाखवायची पद्धत: पहिल्यांदा आवाज बंद. मग दोन मिनिटं थांबून मुलांकडून फक्त क्रियापदं घ्या. 'दुःखी आहे', 'खंबीर आहे' असली विशेषणं बंद. 'पदर खोचते', 'मान वळवते पण खांदा वळवत नाही', 'उत्तराआधी गिळते' असं. मग आवाजासह. 'सहज अभिनय' या शब्दावरचा उपाय हाच आहे. विशेषणं बंद केली की मुलांना बघावंच लागतं. दहापेक्षा जास्त मिनिटांचा तुकडा घेतलात तर ही पद्धत फसते, लोक गोष्टीत शिरतात.

---

वजनदार_नाही

+1, क्रियापदांची कल्पना झकास.

'अर्थ' कसा कुणी घेतला नाही? तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर तिथेच आहे. 'उंबरठा' आणि 'अर्थ' दोन्ही 1982 चे. एकात ती नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली बायको आहे, दुसऱ्यात ती स्वतः 'ती दुसरी'. कविता सन्याल ही नटी, श्रीमंत, आतून पोखरलेली. तुटलेल्या मंगळसूत्राचे मणी अंथरुणात टोचतात म्हणणारी. इथे स्मिता आवाज, हात, नजर सगळं अस्थिर ठेवते. चिंधी आणि सोनबाईचे भक्कम पाय बघून आलेल्या मुलांना ही कविता सन्याल दाखवा. समोर शबाना आझमी असल्यामुळे चर्चा 'दोघींत कोण भारी' अशी घसरण्याची मोठी भीती आहे. सुरुवातीलाच सांगून टाका की तो प्रश्न बाद.

---

पडद्यामागचा

हे लक्षातच आलं नव्हतं. मग 'चक्र' काढू का? त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार आहे ('भूमिका'नंतरचा दुसरा), म्हणून यादीत घेतला होता.

---

तिसरी घंटा

पुरस्कार हे निवडीचं कारण होऊ नये, पण 'चक्र' काढायचं तेवढंच कारणही नाही. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, रवींद्र धर्मराज यांचा चित्रपट. झोपडपट्टीतली अम्मा, वयात आलेला मुलगा बेनवा, ट्रक चालवणारा अण्णा आणि लुका. अम्मा बिचारी नाही. तिला पुरुष हवा आहे, घर हवं आहे, आणि त्याबद्दल ती खंत करत बसत नाही.

अडचण वेगळी आहे. उघड्यावर आंघोळ करण्याचा जो प्रसंग आहे, त्याचीच चित्रं त्या काळी जाहिरातीत वापरली गेली. चित्रपटात तो रोजच्या कामाचा भाग आहे: पाणी, साबण, आटपायची घाई. पोस्टरवर आला की तोच वेगळा होतो. तयारीने उतरणार असाल तर कॉलेजच्या मुलांपुढे मांडण्यासारखा हा विषय आहे. चर्चेसाठी पाऊण तासच असेल आणि सूत्रधार नवखा असेल तर हॉलमध्ये खुसखुस सुरू होते आणि दुपार वाया जाते. एका वाक्यात सांगायचं तर, 'चक्र' दुसऱ्या वर्षाच्या कार्यक्रमात घ्या.

---

लुगडं आणि लिंगोबा

सहमत. अवांतर: त्या जागी 'मंथन' तरी राहू द्या. बिंदूची हिंदी ऐका, वाक्याचा शेवट गुजराती वळणाने वर जातो, पण नक्कल वाटत नाही. कारण ती शब्द बदलण्यापेक्षा लय बदलते. आणि अंगठ्याचा प्रसंग. परत आलेला नवरा तिचा अंगठा कागदावर उठवतो आणि तोच कागद, दूध संस्था उभारायला आलेल्या डॉ. रावांवर आळ घ्यायला वापरला जातो. त्यात स्मिताचं बरंचसं काम हाताचं आहे. जो हात म्हशीच्या आचळाशी सराईत होता, तोच इथे दुसऱ्याने धरलेली वस्तू होतो.

---

प्रोजेक्टरवाला

अभिनयावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी कामाचं सांगतो.

परवानगी. घरी बघायची डीव्हीडी किंवा ओटीटीचं खातं म्हणजे हॉलमध्ये दाखवायचा हक्क नव्हे. तिकीट नसलं तरी नाही. 'मिर्च मसाला' एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) निर्मिती आहे, तिथे थेट लिहा. बाकीच्यांसाठी हक्क कुणाकडे आहेत ते आधी शोधा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे चौकशी केली तर दिशा मिळते. पत्रात तारीख, प्रेक्षकसंख्या, तिकीट आहे की नाही आणि कोणत्या स्वरूपातली प्रत हवी हे चारही लिहा. एक जरी राहिलं तर उलटटपाली तेच विचारतात आणि आठवडा जातो. दोन महिने हाताशी ठेवा.

'मंथन'ची पुनरुज्जीवित 4के प्रत आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केली, 2024 मध्ये कान महोत्सवात दाखवली. शक्यतो तीच मिळवा. जुन्या धुरकट प्रतीत सावळे चेहरे मातीत मिसळतात आणि मग अभिनय कशाचा बघणार? पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये घालून काढलेला चित्रपट, हे ओळख करून देताना सांगा. बाकी ओळख कापा.

प्रत तपासताना हे बघा. चित्र ताणलंय का? चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ओढलं की चेहरे फुगतात. पडद्यावर समोरून दिसणारं चाक किंवा थाळी शोधा, ती अंड्यासारखी दिसली तर सेटिंग चुकलंय. उलटा प्रकारही असतो: रुंदी भरायला वरखाली कापलेली प्रत. त्यात पहिला बळी जातो हातांचा, आणि तुम्ही सगळे इथे हातांबद्दलच बोलताय. सुरुवातीची श्रेयनामावली चौकटीच्या वरच्या कडेला चिकटली असेल तर ती प्रत नको.

'मिर्च मसाला'साठी प्रोजेक्टरचा 'व्हिविड' मोड बंद करा. मिरचीचा लाल आधीच भडक आहे, त्या मोडमध्ये तो सपाट डाग होतो आणि त्वचा नारिंगी दिसते. 'सिनेमा' मोड, आणि खिडक्यांना दुहेरी पडदे. 'आक्रोश'चा तुकडा दुपारच्या उजेडात दिसणारच नाही, अंधार होत नसेल तर तो गाळा.

वेळ: बहुतेक चित्रपट सव्वादोन-अडीच तासांचे. तुकडा 7, ओळख 3, मध्यंतर 10, चर्चा 45. म्हणजे साडेतीन तास धरा. दोनला सुरू केलंत तर साडेपाच. शेवटची एसटी किंवा लोकल धरणारी मुलं चर्चेतूनच उठतात, म्हणून एकला सुरू करा.

---

वजनदार_नाही

आणि 'नमक हलाल'? मुलांनी तेवढंच पाहिलंय, तर त्यापासून पळू नका. पहिल्या दिवशी 'आज रपट जाएँ'ची दोन मिनिटं लावा. गाणं वाईट नाही, पण तिच्या हाताला तिथे काही काम नाही. मग पाणवठा लावा. दोन्हीकडे पाणीच आहे.

---

मधली रांग

हे छान जमलंय. फक्त गाण्याची चेष्टा होऊ देऊ नका. 1982 मध्येच तिचे 'नमक हलाल', 'शक्ती', 'बाज़ार', 'अर्थ' आणि 'उंबरठा' आले. व्यावसायिक चित्रपट करणं ही घसरण होती असा सूर लावला की मुलं तेवढंच वाक्य घेऊन घरी जातात.

---

पडद्यामागचा

सर्वांचे आभार. आता असं ठरतंय:

1. 'मिर्च मसाला', आधी 'नमक हलाल'मधली दोन मिनिटं.
2. 'जैत रे जैत', आधी 'आक्रोश' (अंधार झाला तर).
3. 'भूमिका', पाच नावांचा कागद. तुकडा नाही, चित्रपटच लांब आहे.
4. 'उंबरठा', आधी 'सद्गती'.
5. 'अर्थ', आधी 'अर्धसत्य'ची कविता.

'मंथन' राखीव. एखाद्याची परवानगी आली नाही तर तो. 'उंबरठा'ला मध्यंतर कुठे घ्यावं?

---

लुगडं आणि लिंगोबा

सुलभा आश्रमात रुजू होऊन पहिल्यांदा स्वतःच्या खुर्चीत बसते, त्याच्या थोडं पुढे. चौकशी सुरू झाल्यावर अजिबात थांबवू नका. तिथून आगगाडीच्या खिडकीपर्यंत सलग जाऊ द्या, आणि दिवे लगेच लावू नका.